उजेडाचा कारागीर : कलामहर्षी बाबूराव पेंटर



या पत्रिकेत आम्ही प्रत्येक अंकात एका थोर व्यक्तीचे चरित्र देत असतो. संतांची झाली, समाजसुधारकांची झाली, क्रांतिकारकांची आणि शास्त्रज्ञांचीही झाली. या वेळी आम्ही एका कारागिराचे चरित्र निवडले आहे. त्यांच्याजवळ कोणत्याही कलाशाळेची पदवी नव्हती. ते बोलत फार कमी. पण पडद्यावर उजेड कोठून यावा आणि सावली कोठे पडावी, हे भारतीय चित्रपटाला ज्यांनी प्रथम विचारपूर्वक शिकवले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. ते नाव म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर.

सिनेमा आपण सगळेच पाहतो. नट कोण, नटी कोण, गाणे कोणाचे, हे आमची चौथीची मुलेसुद्धा सांगतात. पण नायिकेच्या केसांभोवती ती सोनेरी कड कोठून येते? खलनायकाचा अर्धाच चेहरा का दिसतो? काळोख्या रात्रीचा प्रसंग असूनही आपल्याला सगळे कसे दिसते? हे विचारणारा विरळा. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिराचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम पुष्कळांनी पाहिला असेल. भिंत तीच, त्यावरचे निळे काम तेच. पण उजेड खालून टाकला की बुरूज उग्र दिसतो, बाजूने टाकला की नक्षी उठून येते, आणि उजेड काढून घेतला की उरते ती फक्त आकाशावर उमटलेली काळी रेघ. दगड हलत नाही. उजेड हलतो आणि गोष्ट बदलते. बाबूरावांच्या आयुष्याचे सार याच एका गोष्टीत आहे.

कोल्हापूर आणि मेस्त्रींचे घर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. कोल्हापूर आपल्याला परके नाही. याच परिसरातले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणे शिकण्यासाठी आपल्या ग्वाल्हेरला आले आणि येथली गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले, हे आपल्या घरांतून अभिमानाने सांगितले जाते. त्या नगरीला कलापूर असेही म्हणतात. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात तेथे गवई, मल्ल, नट, चित्रकार या सर्वांना आश्रय होता. आबालाल रहिमान यांच्यासारखा उजेडाचे सूक्ष्म रंग टिपणारा निसर्गचित्रकार त्याच शहरात राहत होता.

कोल्हापूरच्या लोकांना उजेडाची वाट पाहण्याची सवयही फार जुनी आहे. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात आणि एका दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. ढग आले तर पुढच्या वेळेची वाट पाहायची. ज्याने कोणी ते मंदिर उभारले, त्याने दगड रचताना सूर्याचा कोन विचारात घेतला होता, असे मानतात.

बाबूरावांचे वडील कृष्णराव हे कुशल कारागीर होते. चित्र, मूर्ती, कोरीवकाम या गोष्टी घरातच चालत. मुलाने त्या पाहून पाहून उचलल्या. शाळेच्या पाठीवर पुढे जाण्याऐवजी हातातल्या कुंचल्यावर ते मोठे झाले. चुलतभाऊ आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघे मिळून नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवू लागले. साधारण १९१० ते १९१६ या काळात त्यांच्या पडद्यांची फार वाहवा झाली. मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. धंदा हेच नाव झाले.

रंगवलेली सावली आणि खरी सावली

नाटकाचा पडदा रंगवणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. सपाट कापडावर राजवाडा दाखवायचा तर खांब गोल वाटला पाहिजे. त्यासाठी चित्रकार मनाशी ठरवतो की ऊन डावीकडून येत आहे. मग प्रत्येक खांबाची डावी बाजू उजळ, उजवी काळपट आणि जमिनीवर उजवीकडे सावली असे तो रंगवतो. एक खांब जरी चुकला तरी सगळा महाल खोटा वाटतो. पडदे रंगवणाऱ्याला म्हणूनच उजेडाचे व्याकरण पाठ असावे लागते.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि या दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. त्यांनी आधी चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करून पाहिला आणि त्याबरोबर स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. विलायती कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले.

इथे दुसरा कोणी असता तर पुन्हा पडदे रंगवण्याकडे वळला असता. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरले आणि भावाचे राहिलेले काम पुढे चालवले. १९१८ साली चालणारा कॅमेरा तयार झाला. कॅमेऱ्यात फिल्म एका क्षणी थांबली पाहिजे, झडप उघडली पाहिजे, उजेड आत आला पाहिजे, झडप मिटली पाहिजे आणि मगच फिल्म पुढे सरकली पाहिजे. एका सेकंदात हे सोळा वेळा किंवा त्याहून अधिक घडते. दातेरी चाकात केसाएवढा फरक राहिला तरी चित्र थरथरते. बिर्लानगरात ज्यांचे आजोबा-पणजोबा गिरणीत फिटर किंवा टर्नर होते, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. कोल्हापुरात खरी कॉर्नरला या कॅमेऱ्याचे स्मारक आहे. पुतळे पुष्कळांचे असतात; यंत्राचे स्मारक क्वचितच पाहायला मिळते.

याच सुमारास 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि शाहू महाराजांचे पाठबळ लाभले. पहिला चित्रपट 'सैरंध्री' फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, जी त्या काळी मोठ्या धैर्याची गोष्ट होती. भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वाटला की सरकारी परीक्षकांनी त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली, असे सांगतात.

आता पडद्याच्या विषयाकडे परत येऊ. त्या काळी चित्रपटातही मागे रंगीत पडदा टांगून समोर नट उभे करण्याची रीत होती. पण पडद्यावर रंगवलेली सावली कायमची उजवीकडे, आणि डोक्यावरचा सूर्य सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे. नटाची खरी सावली एका बाजूला पडते आणि खांबाची रंगवलेली सावली दुसऱ्या बाजूला. नाटकात हे खपते, कॅमेरा ते लपवत नाही. स्वतः इतके सुंदर पडदे रंगवणाऱ्या बाबूरावांनीच चित्रपटातून पडदे हटवले आणि लाकूड-कापड-मातीचे भरीव देखावे उभारले. खांब खरोखर गोल केला की त्यावर उजेड आपोआप खरा पडतो. ज्या कलेने नाव मिळवून दिले ती नव्या माध्यमात जमत नाही म्हणून तिला बाजूला ठेवणे, हे सोपे नसते.

सूर्य हाच एकमेव दिवा

आजच्या मुलांना वाटेल, दिवे लावले की झाले. तेव्हाची अडचण आधी समजून घ्या. त्या काळची फिल्म आजच्या मानाने फार मंद होती. तिच्यावर चित्र उमटायला भरपूर उजेड लागे, आणि एवढा उजेड फुकट देणारा एकच मालक, तो म्हणजे सूर्य. म्हणून चित्रण दिवसा, उघड्यावर किंवा वरून मोकळ्या असलेल्या मंचावर होत असे. महालाचा आतला दिवाणखाना दाखवायचा असला तरी त्याला छप्पर नसे. पावसाळ्यात काम बंद. ढग आला की सगळे हात बांधून उभे.

शिवाय भर दुपारचे ऊन डोक्यावरून येते. डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो आणि नाकाखाली मिशीसारखी सावली पडते. त्यावर उपाय दोन. एक म्हणजे मंचावर पातळ पांढरे कापड ताणायचे. कडक ऊन त्यातून गाळून मऊ होते, जसे मांडवाखाली सगळ्यांचे चेहरे सारखे उजळतात. दुसरा उपाय म्हणजे पांढऱ्या किंवा चंदेरी फळ्या. त्यांच्यावर ऊन झेलून ते खालून किंवा बाजूने चेहऱ्यावर परतवायचे. हे दोन्ही उपाय शंभर वर्षे झाली तरी जुने झालेले नाहीत. १९५६ च्या 'अपराजितो' या बंगाली चित्रपटात छायालेखक सुब्रत मित्र यांनी स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या अंगणावर कापड ताणून त्यावर खालून दिवे मारले आणि परतून येणाऱ्या मऊ उजेडात आकाशाचा भास निर्माण केला. १९५९ च्या 'कागज़ के फूल'मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश स्टुडिओत आणून तो प्रसिद्ध उजेडाचा झोत साधला. आरसा आणि कापड, साधने तीच.

अजून एक गंमत सांगतो. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. कपाळावरचे कुंकू पडद्यावर काळे येई, भगवा फेटा काळपट होई आणि निळे आकाश पांढरे फटक दिसे. म्हणजे समोर जे दिसते ते पडद्यावर येत नसे. कोणता रंग कोणत्या करड्या छटेत उतरेल याचा हिशेब आधीच डोक्यात करावा लागे. इथे चित्रकाराची नजर कामाला येते. बाबूराव प्रसंगांची आणि पात्रांच्या वेशभूषेची चित्रे आधी कागदावर काढत आणि मग चित्रण करत. कॅमेऱ्यापुढे रंगीत काचा धरून आकाश किंवा वस्त्र गडद-फिके करणे, दृश्य हळूहळू काळोखात विरवणे किंवा काळोखातून उगवणे, हे प्रयोगही त्यांनी केले.

सिंहगड : रात्र हीच गोष्ट

१९२३ साली बाबूरावांनी 'सिंहगड' काढला. हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजी मालुसऱ्यांची ही कथा आपल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कोंढाणा चढले. ही गोष्ट दुपारी घडूच शकत नाही. पहारेकऱ्यांना मावळे दिसत नाहीत म्हणून तर ते कडा चढतात. म्हणजे काळोख हा या कथेतला नुसता देखावा नव्हे. तो नसेल तर पराक्रमाचा अर्थच जातो.

त्या काळी रात्र दाखवण्याची सोपी युक्ती होती. उन्हात चित्रण करायचे आणि नंतर फिल्म निळ्या रंगात बुडवायची. प्रेक्षक समजून घेत की आता रात्र आहे. बाबूरावांचे समाधान एवढ्यावर झाले नाही. त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा पहिला वापर 'सिंहगड'मध्ये झाला असे मानले जाते.

यात नवे काय, ते नीट पाहा. सूर्य सगळीकडे सारखा पडतो, त्याला अमुक एवढेच उजळ असे सांगता येत नाही. दिवा मात्र सांगू तेवढेच दाखवतो. दिव्याने प्रथम अंधार हातात येतो, आणि अंधार हातात आला की प्रेक्षकाने काय पाहावे आणि काय पाहू नये, हे दिग्दर्शकाला ठरवता येते. युरोपातले रेम्ब्रांटसारखे चित्रकार हे तीनशे वर्षांपूर्वी रंगांनी करत होते. काळोखातून एक कपाळ, एक हात, एक कागद तेवढा उजळायचा. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत सेसिल डीमिल यांच्या चित्रपटांतून अशा प्रकाशाला त्याच चित्रकाराच्या नावाने ओळखू लागले होते. कोल्हापूरचा एक पडदे रंगवणारा माणूस आपल्या मार्गाने त्याच ठिकाणी पोहोचला.

त्या काळी जगभरच्या स्टुडिओंतून मुख्य दिवा असे तो कार्बनचा. दोन कार्बनच्या कांड्या जवळ आणून त्यांत विजेचा जोरदार प्रवाह सोडला की मधल्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत पेटते. कांड्या जळत जातात, म्हणून एक माणूस सतत त्यांना पुढे सरकवत उभा असतो. धूर होतो, सरसर आवाज होतो, उष्णता तर विचारूच नका. पण तिच्या उजेडात निळा भाग भरपूर असतो आणि लाल न दिसणाऱ्या त्या फिल्मला नेमका तोच मानवतो. मूकपटाला आवाजाचीही अडचण नव्हती. आणि ती फिल्म? नायट्रेटची, एकदा पेटली तर पाण्यानेही विझायला कठीण. शहरात वीज नुकतीच येत असलेल्या काळात, अशा ज्वालाग्राही वस्तूजवळ अशा दिव्यांनी काम करणे म्हणजे काय, याची कल्पना करा.

'सिंहगड' पाहायला इतकी गर्दी लोटली की सरकारच्या महसूल खात्याचे तिकडे लक्ष गेले, आणि मुंबई इलाख्यात करमणूक कर येण्यामागे हेही एक कारण होते, असे म्हणतात. तो कायदाही १९२३ चाच.

एक छोटा प्रयोग

विद्यार्थी मित्रांनो, हे वाचून सोडू नका. रात्री खोलीत अंधार करा. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला खुर्चीवर बसवा आणि टॉर्च घ्या. आधी टॉर्च हनुवटीखाली धरा. प्रेमळ आजोबाही राक्षस दिसतील. मग तो समोरून सरळ धरा. चेहरा पराठ्यासारखा सपाट दिसेल, नाक जणू नाहीच. आता टॉर्च एका बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडा वर नेऊन धरा. नाक, गाल, कपाळ, सुरकुत्या सगळे घडवल्यासारखे उठून येईल. हा मुख्य प्रकाश. पण दुसरा गाल पार काळोखात गेला असेल. तिकडून एक पांढरी वही जवळ आणा. तिच्यावरून परतलेल्या उजेडाने तो गालही हळूच दिसू लागेल. हा पूरक प्रकाश. शेवटी दुसरा टॉर्च मागून, खांद्याच्या वरून धरा. केसांना आणि खांद्याला उजळ कड येईल आणि माणूस मागच्या भिंतीपासून सुटा होईल. हा पाठीमागचा प्रकाश.

या तीन दिव्यांवर निम्मे सिनेमाचे जग चालते. वही जवळ-दूर करून पाहा. जवळ आणली की दृश्य आनंदी, दूर नेली की गंभीर. चेहरा तोच आहे, त्याने काहीही अभिनय केलेला नाही.

सावकारी पाश

१९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरि आपटे यांची. यात देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. एक गरीब शेतकरी आहे, त्याची जमीन सावकाराच्या घशात जाते, आणि तो गाव सोडून शहरात येऊन गिरणीत मजुरी करू लागतो. शेतकऱ्याच्या तरुण मुलाचे काम केले होते व्ही. शांताराम यांनी.

बिर्लानगरात बसून ही कथा वाचताना आम्हाला ती दूरची वाटत नाही. आपली वस्तीच गिरण्यांमुळे वसली. गावाकडची जमीन, कर्ज, आणि मग गिरणीचा भोंगा हा प्रवास येथल्या कित्येक घरांनी केला आहे, मराठीही आणि हिंदीभाषीही. आणि पुढे गिरणीचा भोंगा थांबल्यावर काय होते, तेही या वस्तीने पाहिले आहे. पण १९२५ साली असा माणूस पडद्यावर येऊ शकतो, हे कोणाच्या मनातही नव्हते.

निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी तरुणपणी हा मूकपट पाहिला होता. पुष्कळ वर्षांनीही त्यांना त्यातले एक दृश्य आठवत होते. अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारे कुत्रे. चित्रपट मुका होता हे लक्षात ठेवा. कुत्र्याचा आवाज कोणी ऐकला नाही. तो उजेडाने ऐकवला.

पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र 'सावकारी पाश'ला तसा प्रतिसाद दिला नाही. बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांकडे वळले. या काळात ते चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतः रंगवत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्र-जाहिरातींत गणले जाते.

शिष्य निघून जातात

१९२९ साल बाबूरावांना जड गेले असणार. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले लोक कंपनी सोडून गेले आणि १ जून १९२९ रोजी सीतारामबापू कुलकर्णी यांच्या साथीने त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात फिल्म कंपनी' काढली. ज्याच्याबरोबर कॅमेरा बनवला तो दामलेही गेला. पुढे दोन-तीन वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद झाली.

कोण बरोबर आणि कोण चूक, या वादात आम्ही पडत नाही. शिक्षक या नात्याने आम्ही फक्त एवढे पाहतो की ते शिष्य बाहेर पडताना काय घेऊन गेले. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये शांताराम यांनी राजगुरूच्या डोळ्यांचे जे प्रचंड दृश्य घेतले, त्यात काळोख आणि उजेड यांचा खेळ आहे. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये दामले-फत्तेलाल यांनी देहूचे साधे घर असे उजळले आहे की ते खरे वाटते आणि पवित्रही वाटते. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. प्रभात १९३३ साली पुण्यास गेली होती, आणि तिच्याच स्टुडिओच्या आवारात १९६० साली सरकारची चित्रपट संस्था सुरू झाली. देशभरातून मुले आजही तेथे प्रकाशयोजना शिकायला येतात. कोल्हापूरच्या त्या मांडवातून निघालेला ओढा असा कुठल्या कुठे गेला.

बोलपट आणि शेवटची वर्षे

१९३१ साली बोलपट आला. बाबूरावांना तो मनापासून रुचला नाही. इतक्या कष्टाने घडलेली डोळ्यांची भाषा आता शब्दांच्या गर्दीत बुडेल, अशी त्यांना भीती वाटे. ती अगदीच निराधार नव्हती. सुरुवातीच्या बोलपटांत माइकपासून नट हलू शकत नसत आणि कार्बनच्या दिव्यांची सरसर ध्वनिमुद्रणात येई, म्हणून दिवेसुद्धा बदलावे लागले. तरीही ते हटून बसले नाहीत. 'उषा' (१९३५), 'सावकारी पाश' पुन्हा बोलपट म्हणून (१९३६), 'प्रतिभा' (१९३७) असे चित्रपट त्यांनी केले. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'त गुरू बाबूराव आणि शिष्य शांताराम यांची नावे दिग्दर्शक म्हणून पुन्हा एकत्र आली. १९५२ चा 'विश्वामित्र' हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. मधल्या काळात कुंचला आणि शिल्पाची हत्यारे त्यांच्या हातातून सुटली नाहीत. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

आता सर्वांत दुःखाची गोष्ट. त्यांनी ज्या मूकपटांत हा सारा उजेड घडवला, ते आज आपण पाहू शकत नाही. काही तुकडे सोडले तर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे काम नष्ट झाले. त्या काळची नायट्रेट फिल्म एक तर जळते, नाही तर डब्यात पडून सडते. जुन्या फिल्मांतली चांदी काढण्यासाठीही कित्येक फिल्मा वितळवल्या गेल्या. चित्रपट जपणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात निघाले ते १९६४ साली. तोवर उशीर झाला होता. 'सिंहगड'ची ती रात्र गेली. 'सावकारी पाश'ची मूळची झोपडी गेली. उरली आहेत काही छायाचित्रे, काही भित्तिपत्रके, ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणी, आणि शिष्यांच्या डोळ्यांत उतरलेली विद्या.

आमचे म्हणणे

पालकहो आणि विश्वस्तहो, हे चरित्र आम्ही निवडले त्याला कारण आहे. परीक्षा जवळ आल्या की वेळापत्रकातून पहिला तास जातो तो चित्रकलेचा, आणि दुसरा जातो हस्तकलेचा. त्यात पालकांचा आग्रहही असतो आणि शाळांची सोयही असते. गणिताचे गुण दिसतात, रेघेवरची पकड गुणपत्रिकेत दिसत नाही. बाबूरावांनी आयुष्यात जे काही केले ते पडद्यावर खांब गोल कसा दिसतो, या एका प्रश्नातून उगवले. त्यातून देखावे आले, कॅमेरा आला, दिवे आले. त्या प्रश्नाचे उत्तर देणारा तास हा फालतू तास नव्हे. तो मुलाला पाहायला शिकवतो. या वर्षी परीक्षेच्या महिन्यातही चित्रकला आणि हस्तकला यांचा आठवड्यातला एकेक तास राहावा, अशी आमची विनंती आहे. विश्वस्त मंडळाने आपल्या पुढील बैठकीत तिचा विचार करावा.

विद्यार्थ्यांनो, आज तुमच्या घरातल्या मोबाइलचा कॅमेरा उजेड स्वतःच मोजतो आणि कमी-जास्त करतो. ती सोय आहे, तिचा उपयोग जरूर करा. पण उजेड किती आहे हे यंत्र सांगेल. तो कोठून यावा, हे तुम्हालाच ठरवायचे आहे. टॉर्चचा प्रयोग करून झाल्यावर त्या चेहऱ्याचे चित्र कोळशाने किंवा पेन्सिलीने काढा आणि वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक चित्रे आपण शाळेच्या फलकावर लावू.



– प्राचार्य